माग आणि अनुरेखन : ‘ट्रेसिंग’ या शब्दाच्या निमित्ताने

इंग्रजीतील ‘ट्रेसिंग’ या शब्दास मराठीत एकच प्रतिशब्द देता येत नाही, ही गोष्ट भाषांतराचे काम करणाऱ्या प्रत्येकास केव्हा ना केव्हा जाणवलेली असते. नकाशावर किंवा बांधकामाच्या आराखड्यावर पारदर्शक कागद ठेवून खालच्या रेषा वर उतरवून घेणे, या क्रियेस शासकीय परिभाषेत ‘अनुरेखन’ म्हणतात आणि ते काम करणारा तो ‘अनुरेखक’. २०२० सालच्या साथीत रोग्याच्या सहवासात कोण कोण आले हे शोधून काढण्याच्या कामास वृत्तपत्रांनी पुष्कळदा ‘कॉन्टॅक्ट ट्रेसिंग’ असेच म्हटले. पण वाक्याच्या ओघात क्रियापद वापरण्याची वेळ आली की तेथे ‘माग काढणे’ किंवा ‘शोध घेणे’ हेच प्रयोग उमटत. आणि एखाद्या शब्दाचे मूळ शोधण्याविषयी बोलताना आपण अभ्यासक मंडळी ‘मागोवा घेणे’ असे म्हणतो. तेथे ‘अनुरेखन’ हा शब्द कोणासही सुचत नाही.

हा केवळ कोशकाराच्या सोयी-गैरसोयीचा प्रश्न असता तर त्यासाठी या पत्रिकेची पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु इंग्रजीने एका नावाखाली एकत्र बांधलेल्या दोन क्रिया मराठीने वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि हा भेद व्युत्पत्तिशास्त्राच्या अगदी मर्माला जाऊन भिडतो. अनुरेखनात मूळ आकृती आधीच डोळ्यांसमोर असते. हात तिच्यावरून फिरतो एवढेच. माग काढताना मूळ समोर नसते. समोर असतो तो फक्त एक ठसा, आणि त्यावरून पुढचा ठसा शोधावयाचा असतो. आपल्याकडे व्युत्पत्ती म्हणून जे लिहिले जाते त्यातील पुष्कळसा भाग माग नसून अनुरेखन असतो, असे माझे मत आहे. ते मत पटवून देण्यासाठी या दोन शब्दांचीच व्युत्पत्ती पाहणे सोईचे होईल.

प्रथम इंग्रजी शब्द घेऊ. ‘ट्रेस’ हा शब्द प्राचीन फ्रेंचमधून इंग्रजीत आला. फ्रेंच रूपाच्या मागे लोकभाषेतील लॅटिनचे एक क्रियापद मानावे लागते. ते लिखित स्वरूपात सापडत नाही, पुनर्रचित आहे. परंतु त्याच्या पलीकडे ‘त्राहेरे’ म्हणजे ओढणे या धातूचे ‘त्राक्तुस’ हे भूतकालवाचक विशेषण स्पष्ट दिसते. ट्रॅक्टर, कॉन्ट्रॅक्ट, पोर्ट्रेट हे आपल्या नित्य परिचयाचे शब्द याच गोत्रातले. तेव्हा ‘ट्रेस’च्या मुळाशी ओढण्याची कल्पना आहे. जमिनीवरून काही ओढत नेले म्हणजे मागे जी रेघ उमटते ती ‘ट्रेस’, आणि लेखणी कागदावर ओढली म्हणजे जी उमटते तीही ‘ट्रेस’. रेघ ओढणे आणि रेघेच्या अनुरोधाने जाणे या दोन्ही क्रियांना एकच नाव का मिळाले, याचा उलगडा येथे होतो. गाडीला घोडा जुंपताना ओढीसाठी जे पट्टे लावतात त्यांनाही इंग्रजीत ‘ट्रेस’ म्हणतात. तो शब्द मात्र वेगळ्या वाटेने आला आहे : ‘त्राक्तुस’पासून झालेल्या फ्रेंच शब्दाचे ते मूळचे अनेकवचन, जे इंग्रजीने एकवचन समजून घेतले. उच्चार एक, आजोबाही एक, परंतु बाप निराळे.

याहून बोधप्रद आहे तो ‘ट्रॅक’ हा शब्द. अर्थ तोच, रूपही इतके जवळचे की ‘ट्रेस’ आणि ‘ट्रॅक’ ही सख्खी भावंडे आहेत असे कोणीही शपथेवर सांगावे. तथापि ‘ट्रॅक’ फ्रेंचमधील ‘त्राक’ या शब्दावरून आलेला आहे, आणि तो शब्द लॅटिनचा नसून जर्मानिक शाखेतून फ्रेंचमध्ये गेला असावा, असे कोशकार मानतात. डच भाषेतील ओढणे या अर्थाचे क्रियापद त्याच्या शेजारी ठेवले जाते. म्हणजे अर्थ जुळतो, रूप जुळते, मूळ धात्वर्थसुद्धा जुळतो. आणि एवढे सगळे जुळूनही माग दोन वेगळ्या गावांना जातो. सादृश्यावर विसंबणाऱ्याने हे उदाहरण विसरू नये.

आता मराठी ‘माग’. हा शब्द संस्कृत ‘मार्ग’ यापासून आला हे सांगण्यास पांडित्य लागत नाही. परंतु ‘मार्ग’ कोठून आला, हे पाहण्यासारखे आहे. धातुपाठात चुरादिगणात ‘मृग्’ आणि ‘मार्ग्’ या दोन्ही धातूंचा अर्थ अन्वेषण असा दिलेला आहे, आणि त्याच गणातील ‘गवेष्’ धातूचा अर्थ मार्गण असा सांगितला आहे. वैयाकरणांच्या दृष्टीने धातू आधी, नाम नंतर. ऐतिहासिक दृष्टीने पाहता हा क्रम उलटा घ्यावा लागतो. ‘मृग’ हे नाम जुने. त्याचा अर्थ केवळ हरीण नव्हे, तर रानातला कोणताही पशू. अवेस्तातील त्याचा भाऊबंद पक्षी या अर्थी येतो, आणि फारसीतील ‘मुर्ग’ तोच. आपल्याकडच्या ‘मुर्गी’चा मृगाशी संबंध आहे तो असा. या ‘मृग’ नामावरून ‘मृगयते’ म्हणजे पशूच्या मागे जाणे, शोधणे हे क्रियापद झाले, आणि आदिस्वराची वृद्धी होऊन ‘मार्ग’ हे नाम झाले. मार्ग म्हणजे प्रथमतः मृगाचा. मृगाच्या जाण्यायेण्याने पडलेली वाट. मोनियर-विल्यम्स यांच्या कोशात वन्य पशूचा माग हा अर्थ नोंदलेला आहे, आणि टर्नर यांनीही आपल्या तौलनिक कोशात याच अर्थापासून आरंभ केला आहे. यास्काने ‘मृग’ शब्दास गत्यर्थक धातूकडे नेले आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. त्याविषयी पुढे बोलू.

मुळाशी पशूचा पाठलाग आहे हे लक्षात आले म्हणजे ‘शोध’, ‘गवेषणा’, ‘माग’ या शब्दांचे परस्परांतील अंतरही कळते. ‘गवेषणा’त गाईंचा शोध आहे, बंगालीत आणि हिंदीत विद्यापीठीय संशोधनास हाच शब्द चालतो. आपण ‘संशोधन’ म्हणतो, त्याच्या मुळाशी शुद्ध करण्याचा अर्थ आहे. हिंदी भाषिक तोच शब्द विधेयकातील दुरुस्तीसाठी वापरतो, आणि आपल्या संशोधन मंडळांची नावे वाचून त्याला क्षणभर बुचकळ्यात पडावे लागते. माग मात्र कोणाला शुद्ध करीत नाही.

‘मार्ग’पासून ‘माग’पर्यंतचा ध्वनींचा प्रवास सरळ आहे, आणि तो सरळ आहे हेच त्याचे महत्त्व. संस्कृत ‘मार्ग’, पाली व प्राकृत ‘मग्ग’, मराठी ‘माग’. र्-युक्त जोडाक्षराचे सारूप्य होऊन ‘ग्ग’ झाले. द्वित्तापूर्वी दीर्घ ‘आ’ ऱ्हस्व झाला. नंतर मराठीत द्वित्त गळून पूर्वस्वर पुन्हा दीर्घ झाला. ‘व्याघ्र’, ‘वग्घ’, ‘वाघ’ हा अगदी समांतर प्रवास. ‘कार्य’, ‘कज्ज’, ‘काज’ हाही तसाच. मुळातच ऱ्हस्व स्वर असलेले ‘कर्ण’, ‘कण्ण’, ‘कान’ किंवा ‘सर्प’, ‘सप्प’, ‘साप’ हे याच वाटेने गेले. येथे एक सूक्ष्म गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. ‘मार्ग’ आणि ‘माग’ यांतील ‘आ’ एकच दिसतो, परंतु तो एक नाही. पहिला ‘आ’ प्राकृतात नाहीसा झाला. दुसरा द्वित्ताच्या मोबदल्यात नव्याने आला. ‘मार्ग’वर पारदर्शक कागद ठेवून ‘माग’ गिरविणाऱ्यास केवळ मधला रेफ पुसला गेलेला दिसेल. तो निष्कर्ष खरा निघेल आणि तरीही त्याची सिद्धता खोटी असेल. व्युत्पत्तीत अचूक उत्तर चुकीच्या रीतीने काढता येते, हीच या शास्त्रातील मोठी फसगत आहे.

अर्थाचा प्रवास मात्र इतका सरळ नाही. पालीत ‘मग्ग’ म्हणजे प्रामुख्याने रस्ता, आणि धर्माच्या क्षेत्रात साधनेचा मार्ग. मराठीत रस्त्याला ‘वाट’ म्हणतात, फारसीतून आलेला ‘रस्ता’ म्हणतात, आणि ‘मार्ग’ हा तत्सम शब्दही वापरतात. ‘माग’ मात्र पावलांच्या खुणा, ठसे, सुगावा एवढ्यापुरता उरला. ‘मागमूसही नाही’ म्हणताना रस्ता नाही असे आपल्याला म्हणावयाचे नसते. आता प्रश्न असा : हा खुणेचा अर्थ मराठीने मृगयेच्या काळापासून जपून ठेवला, की रस्ता या अर्थावरून तो नव्याने निर्माण झाला? झिजलेल्या तद्भव शब्दाने सर्वांत जुना अर्थ राखला आणि घडीव तत्सम शब्दाने तो गमावला, असे म्हणण्याचा मोह होतो, आणि ते वाक्य ऐकावयासही गोड लागते. परंतु मधली साखळी दाखविल्यावाचून ते म्हणता येणार नाही.

ती साखळी ‘मागे’ या शब्दात आहे असे मला वाटते. प्राकृतात ‘मग्गओ’ हे अव्यय ‘पाठीमागे’ या अर्थाने येते. रस्ता या अर्थापासून पाठीमागे हा अर्थ सहजासहजी निघत नाही, कारण रस्ता जितका मागे असतो तितकाच पुढेही असतो. खुणा मात्र जाणाऱ्याच्या पाठीमागेच पडतात. आणि त्या खुणांवरून येणारा माणूस पुढच्याच्या पाठीमागेच असतो. तेव्हा ज्या बोलीत ‘मग्गओ’ हे पाठीमागे या अर्थाने रूढ झाले, त्या बोलीत ‘मग्ग’ शब्दाचा ठसा, माग हा अर्थ जिवंत असला पाहिजे. ग्रंथांनी रस्ता हा अर्थ ठळकपणे वापरला, परंतु अव्ययाने दुसरा अर्थ जपला. मराठीतील ‘मागे, मागून, मागील, मागाहून’ हा सगळा परिवार त्याच्याच पोटचा. स्थलवाचक ‘मागे’ कालवाचक होण्यास वेळ लागत नाही, आणि म्हणूनच ‘दोन वर्षांमागे’ म्हणताना आपण नकळत त्या पारध्याच्याच दृष्टीने काळाकडे पाहत असतो.

याच धातूचे दुसरे अपत्य म्हणजे ‘मागणे’. ‘मार्गति’, ‘मग्गइ’, ‘मागणे’. शोधणे, मग मिळविण्याची इच्छा धरणे, मग याचना करणे. संस्कृतातही ‘मार्गण’ म्हणजे याचक हा अर्थ अमरकोशात नोंदला गेला आहे. तेव्हा अर्थांतर मराठीने केलेले नाही, ते आयते मिळाले आहे. हिंदीत ‘मांगना’ असा अनुनासिक उच्चार झाला, मराठीत तो झाला नाही. ‘मग’ या अव्ययासही अभ्यासक याच कुळात घालतात. अर्थाच्या बाजूने त्यात अडचण नाही. ध्वनीच्या बाजूने मात्र ‘माग’ अपेक्षित असता ‘मग’ आले आहे, आणि वाक्यात आघातहीन राहणाऱ्या अव्ययाचा स्वर आखूड होतो हे कारण त्यासाठी द्यावे लागते. कारण पटण्यासारखे आहे. पण ते द्यावे लागते, ही गोष्ट झाकून ठेवू नये.

माग काढण्याची रीत कशी असावी, हे सांगण्यासाठी मला युरोपातील व्याकरणग्रंथांपेक्षा आपल्या गावगाड्याचा आधार घ्यावासा वाटतो. पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या रखवालीची व्यवस्था वर्णिली आहे. चोरी झाली म्हणजे गावच्या रखवालदाराने, मग तो महार असो, भिल्ल असो वा रामोशी असो, चोराच्या पावलांचा माग काढावयाचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन त्या गावच्या रखवालदाराची खात्री पटविली, म्हणजे पहिल्याची जबाबदारी संपली. पुढचा माग दुसऱ्याने चालवावयाचा. असे होता होता ज्या गावापर्यंत माग निःसंशय पोचला, त्या गावावर चोरीच्या मालाची जबाबदारी येई.

या व्यवस्थेतील तीन गोष्टी व्युत्पत्तिशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभतील. शीव ओलांडून उडी मारता येत नाही. प्रत्येक शिवेवर पलीकडच्या माणसाची खात्री पटवावी लागते, म्हणजे मराठीच्या नियमांनी मराठीपुरते आणि प्राकृताच्या नियमांनी प्राकृतापुरते उत्तर द्यावे लागते. आणि माग जेथे खुंटतो तेथेच जबाबदारी टाकली जाते. पलीकडे डोंगरात एखादा नामांकित दरोडेखोर राहतो म्हणून त्याच्या नावावर चोरी घालता येत नाही. आपल्याकडे त्या दरोडेखोराची जागा संस्कृताने घेतली आहे. मराठी शब्दाचा माग प्राकृतात किंवा देशी शब्दांच्या संग्रहात येऊन थांबत असला, तरी त्याला पाणिनीच्या दारापर्यंत नेऊन सोडल्यावाचून आपले समाधान होत नाही.

या दृष्टीने वि. का. राजवाडे यांच्या कार्याचा विचार करणे प्राप्त आहे. त्यांच्या शब्दसंग्रहाचा व्याप, जुन्या कागदपत्रांतील रूपांची त्यांना असलेली जाण आणि १९०९ साली त्यांनी सिद्ध केलेले ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण यांचे ऋण मराठीचा कोणताही अभ्यासक नाकारणार नाही. तथापि धातुकोशात आणि नामादिशब्दांच्या व्युत्पत्तिकोशात त्यांची प्रतिभा पुष्कळदा मधल्या शिवा ओलांडून जाते. मराठी रूप आणि पाणिनीय रूप शेजारी ठेवले की त्यांना दोहोंमधील रेषा दिसू लागते, आणि ती रेषा इतक्या आत्मविश्वासाने ओढलेली असते की वाचकालाही ती दिसू लागते. हे उत्कृष्ट प्रतीचे अनुरेखन आहे. याउलट झ्यूल ब्लोक यांचा मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथ १९२० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढे वा. गो. परांजपे यांनी तो मराठीत आणला. त्या ग्रंथात शब्दागणिक चमत्कार नाहीत. एका ध्वनीसाठी दहा उदाहरणे, अपवाद वेगळे काढलेले, आणि जेथे प्राकृत रूप हाती नाही तेथे थांबण्याची तयारी. राजवाडे वाचताना मन प्रफुल्लित होते आणि ब्लोक वाचताना दमते. परंतु वीस वर्षांनी टिकतात ती ब्लोक यांचीच उत्तरे.

राजवाड्यांच्या बाजूने असे म्हटले जाते की, निरुक्ताची परंपराच अशी आहे. यास्कानेही अर्थ प्रमाण मानून एखाद्या अक्षराच्या साम्यावर निर्वचने केली. हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. यास्कासमोर मंत्रांचा अर्थ लावण्याचे काम होते. एकाच शब्दाची दोन-तीन निर्वचने तो शेजारी ठेवतो, आणि त्यात त्याला विसंगती वाटत नाही. कारण शब्द मंत्रात काय काय सुचवितो हे त्याला सांगावयाचे आहे, शब्द कोठून आला याचा इतिहास लिहावयाचा नाही. ‘मृग’ गत्यर्थक धातूकडे नेण्यात त्याने चूक केली असे म्हणणे म्हणूनच अप्रस्तुत होय. चूक होते ती, त्याने अर्थविवरणासाठी घेतलेली मोकळीक आपण इतिहासासाठी वापरतो तेव्हा.

मोकळीक न घेतल्याने काय पदरात पडते, हे मार्गवाचक शब्दांच्याच एका उदाहरणाने दाखविता येईल. इंग्रजी ‘पाथ’ आणि संस्कृत ‘पथ’ हे एकच आहेत, असे आपल्याकडे वर्गात सर्रास सांगितले जाते. परंतु मूळ भाषेतील ‘प’ जर्मानिक शाखेत ‘फ’ होतो. ‘पितृ’स ‘फादर’, ‘पाद’स ‘फूट’. मग ‘पथ’च्या वारसदाराच्या आरंभी ‘प’ कसा राहिला? या अडचणीमुळेच, ‘पाथ’ हा शब्द इराणी शाखेतून फार पूर्वी उसना आला असावा, असे काही विद्वान मानतात. ‘पथ’चा खरा वारस म्हणून इंग्रजीत कोणाकडे बोट दाखविले जाते? ‘फाइंड’कडे, म्हणजे सापडणे या क्रियापदाकडे. रूपात साम्य नाही, अर्थात वरवर साम्य नाही, पण ध्वनिनियम जुळतात. आणि एकदा तेथे पोचल्यावर अर्थही उजळतो : वाटेने जाणे, आणि जाता जाता सापडणे. ‘मार्ग’ आणि ‘मागणे’ यांच्यात जो संबंध आहे त्याच जातीचा हा संबंध, दूरच्या एका भाषेत स्वतंत्रपणे घडलेला. ‘पाथ’वर कागद ठेवून ‘पथ’ गिरविणाऱ्याला हे कधीच दिसले नसते.

अलीकडे ‘मागोवा’ हा शब्द प्रबंधांच्या शीर्षकांत फार दिसू लागला आहे. अमुक वाङ्मयप्रकाराचा मागोवा, तमुक शतकाचा मागोवा. आत पाहावे तो आढावा असतो, कित्येकदा केवळ यादी असते. आढावा म्हणजे आहे त्याची मोजदाद. तेही उपयुक्त काम आहे आणि त्याला त्याचे नाव देण्यात कमीपणा नाही. मागोवा घ्यावयाचा तर आजच्या खुणेपासून आरंभ करून पाऊल पाऊल मागे गेले पाहिजे, आणि खुणा संपल्या त्या ठिकाणी दगड ठेवून परतले पाहिजे.

‘वाट’ या शब्दाचा माग असा काढण्याजोगा आहे. संस्कृत ‘वर्त्मन्’, प्राकृत ‘वट्ट’, मराठी ‘वाट’ हा प्रवास ध्वनिनियमांत बसतो; परंतु त्याच ‘वृत्’ धातूच्या ‘वर्ति’ शब्दापासून मराठीत दिव्याची ‘वात’ झाली आहे, आणि ‘कर्तरी’पासून ‘कातर’. एके ठिकाणी ‘र्त’चा मूर्धन्य ‘ट’ झाला आणि दुसऱ्या दोन ठिकाणी दंत्य ‘त’ राहिला. दोन्ही प्रकारची रूपे प्राकृतातच शेजारी शेजारी नांदताना दिसतात, म्हणून त्यांचा निवाडा मराठीच्या शिवेत होणार नाही. ब्लोक यांनी या द्विविध परिणामाची चर्चा केलेली आहे, आणि प्रादेशिक बोलींच्या सरमिसळीकडे लक्ष वेधले आहे. आपल्या विभागातील कोणा विद्यार्थ्याने मूर्धन्य आणि दंत्य अशी दोन्ही रूपे असलेले मराठी शब्द कोरीव लेख आणि महानुभाव गद्य यांतून वेचून काढले, तर या दोन मागांपैकी कोणता कोणत्या गावाकडून येतो हे पाहण्यास साधन मिळेल.